यजमानाविना पाहुणे: सहकार आयुक्त आणि पर्यटन संचालक यांस खुले पत्र

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील सदनिका ऑनलाइन मंचांवरून एक-दोन रात्रींच्या भाड्याने देण्याबाबत

महोदय,

परळ भागातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी गेली सहा वर्षे मानद सचिव आहे. आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस सदनिका आहेत. तळमजल्यावर मीटरच्या खोलीबाहेर जी लोखंडी जाळी आहे, तिला सध्या आकडी कुलपाच्या तीन लहान पेट्या अडकवलेल्या आहेत आणि प्रत्येक पेटीत एकेका सदनिकेची किल्ली असते. मोबाइलवरून रात्रीपुरते आरक्षण करणाऱ्या माणसाला चार आकडे कळवले जातात. तो रात्री केव्हातरी येतो, पेटी उघडतो, किल्ली काढतो आणि वर जातो. या तीन सदनिकांचे मालक ठाणे, बंगळुरू आणि दुबई येथे राहतात. पाहुण्याची आणि यजमानाची गाठ पडण्याचा प्रसंग या व्यवहारात कुठेच येत नाही. आपल्याला हे पत्र लिहिण्याचे कारण या तीन पेट्या आहेत.

आरंभीच सांगतो की या प्रकारावर सरसकट बंदी घालावी, अशी माझी मागणी नाही. परक्या माणसाला घरात जागा देऊन चार पैसे मिळवणे या भागाला नवे नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा इथल्या चाळींतल्या एकेका खोलीत गावकीचे पंधरा-वीस जण पाळ्यांप्रमाणे झोपत असत, आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शेजारच्या खोलीतली खानावळवाली बाई करीत असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायांसाठी. आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने ‘होमस्टे’ म्हणतो, त्याचा गिरणगावी अवतार आमच्या आजोबांनी पाहिलेला आहे, फक्त त्याला पंचतारांकित अभिप्राय देण्याची सोय नव्हती.

आजही या परिसराला अशा जागांची गरज आहे, किंबहुना मुंबईतल्या इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून येथे आहे. देशभरातून तेथे येणाऱ्या रुग्णांना केमोथेरपीच्या किंवा किरणोपचारांच्या काळात आठवडेच्या आठवडे जवळपास राहावे लागते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि अशा आणखी काही संस्था आपल्या परीने आसरा देतात; तरी रुग्णालयालगतच्या पदपथावर पथाऱ्या टाकलेली कुटुंबे आपणही पाहिली असतील. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध बाई आपल्या दोन खोल्यांपैकी एक खोली अशा कुटुंबांना देतात. त्यांच्या भाच्याने त्यांचे नाव एका मंचावर घातले आहे. कोण आले, कुठून आले, रुग्णाला कोणता आजार आहे, हे त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मला सांगून जातात. वहीत नोंद करतात, आधारची प्रत घेतात, आणि तोंड आलेल्या मुलासाठी मऊ भातही लावतात. सहा वर्षांत त्यांच्या पाहुण्यांविषयी माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. उलट मागच्या वर्षी एक कुटुंब परत जाताना अख्खा मजला त्यांना निरोप द्यायला लिफ्टपाशी उभा होता.

मोबाइलच्या पडद्यावर पाचव्या मजल्यावरची ही खोली आणि पेटीतल्या किल्लीच्या त्या तीन सदनिका एकाच रांगेत, एकाच प्रकारच्या छायाचित्रांसह दिसतात. प्रत्यक्षात पहिले घर आहे आणि उरलेली तीन लॉजे आहेत. हा भेद मी माझ्या मनाने काढलेला नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या न्याहारी-निवास योजनेत घराला मान्यता मिळवायची तर भाड्याने द्यायच्या खोल्या एक ते सहा एवढ्याच असाव्या लागतात आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. ज्या ऑनलाइन व्यवसायाविषयी आपण बोलत आहोत त्याचा उगमही असाच आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत भाडे भागेना म्हणून दोन तरुणांनी स्वतःच्याच बिऱ्हाडात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि त्यांना न्याहारी दिली. ‘एअरबीएनबी’ या नावातली हवा ती गाद्यांची. यजमान घरात असणे हा सुरुवातीला या कल्पनेचा प्राण होता. पुढे धंदा वाढला तसा यजमान घरातून उठून गेला.

यजमान गेला तरी त्याची कामे जागच्या जागी राहतात आणि ती कोणाला तरी करावीच लागतात. आमच्याकडे ती आमचे रात्रपाळीचे वॉचमन करतात, म्हणून या बाबतीत मी थोडे विस्ताराने लिहितो. पेटीचे आकडे लागत नाहीत म्हणून पाहुणा त्यांना उठवतो. वायफाय चालत नाही, गिझर तापत नाही, वातानुकूलन यंत्राचा रिमोट सापडत नाही, जेवण घेऊन आलेल्या मुलाला मजला कळत नाही, या सगळ्यांची उत्तरे त्यांनी द्यायची. सकाळी अकराला एक पाहुणा गेला की दुपारी दोनच्या आत चादरी बदलणारी माणसे येतात. ती कोणाची, कोणत्या ठेकेदाराची, याची संस्थेकडे कसलीही माहिती नसते. हॉटेलात जे काम स्वागतकक्ष, देखभाल विभाग आणि सुरक्षा असे तीन विभाग मिळून करतात, ते येथे बारा तासांच्या पाळीत एकटा माणूस करतो, आणि त्याचा पगार अठ्ठेचाळीस सभासद मिळून देतात. गेल्या पावसाळ्यात पहाटे तीन वाजता माझ्या दाराची घंटा वाजली. दारात चार अनोळखी तरुण उभे होते. किल्ली आत राहून दार ओढले गेले होते आणि मालकाचा फोन लागत नव्हता. ते बिचारे सभ्य होते, वारंवार माफी मागत होते. चूक त्यांची नव्हतीच. त्यांनी पैसे मोजले होते आणि ज्याला मोजले तो दोन हजार किलोमीटरवर झोपला होता.

सगळेच पाहुणे इतके सभ्य नसतात, हेही नोंदवले पाहिजे. शनिवारी रात्री गच्चीचे कुलूप तोडल्याचा प्रकार एकदा झाला आहे. टँकर मागवावा लागतो त्या महिन्यांत पाण्याचा प्रश्न निराळाच असतो, कारण दोन रात्रींच्या पाहुण्याला टाकीची पातळी ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु माझा मुख्य आक्षेप गोंगाटाविषयी नाही. गोंगाट कायमचे राहणारेही करतात, आणि गणपतीत तर आम्ही सगळेच करतो.

आता पैशांचे पाहू. शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार, मालक स्वतः राहत नसलेल्या सदनिकेवर संस्थेला सेवाशुल्काच्या, म्हणजे महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या रकमेच्या, जास्तीत जास्त दहा टक्के बिनभोगवटा शुल्क आकारता येते. हा आदेश योग्य होता. त्यापूर्वी संस्था मनाला येईल ती रक्कम उकळत असत आणि भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाला जवळजवळ गुन्हेगार समजत असत. परंतु त्या आदेशासमोर होता तो अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू. आमच्याकडे सेवाशुल्क महिन्याला ३,२०० रुपये आहे. म्हणजे बिनभोगवटा शुल्क ३२० रुपये होते. त्याच सदनिकेचे मंचावरील भाडे रात्रीला साडेचार हजार आहे. महिन्यातल्या वीस रात्री भरल्या तर नव्वद हजार रुपये होतात. नव्वद हजारांच्या धंद्याला लागणारा पहारा, लिफ्ट, पाणी, जिन्याची सफाई आणि कचरा ही सारी सेवा संस्था ३२० रुपयांत पुरवते. सहकाराचे तत्त्व मी जेवढे समजतो त्यात एकाचा नफा आणि सत्तेचाळीस जणांचा खर्च ही मांडणी बसत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत विसंगती याहूनही ठळक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो; न केल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याशिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. म्हणजे के.ई.एम. रुग्णालयात नोकरी करणारी परिचारिका अकरा महिन्यांसाठी राहायला आली तर मुद्रांक शुल्क, अंगठ्याचे ठसे, साक्षीदार, पोलिसांकडील नोंद असे सगळे सोपस्कार पार पडतात आणि तिचे नाव आमच्या नोंदवहीत येते. त्याच सदनिकेत वर्षभरात दीडशे वेगवेगळी माणसे एकेक रात्र झोपून गेली तर संस्थेच्या दप्तरी एकाचेही नाव नसते. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणे हे ठेवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, मग ते हॉटेल असो वा घर. दुबईत बसलेला मालक पेटीतली किल्ली उचलणाऱ्याचे पारपत्र कसे पाहतो, हे मी त्यांना विचारले होते. छायाचित्र व्हॉट्सॲपवर येते, असे उत्तर मिळाले.

परिचारिकेचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. या तीनपैकी दोन सदनिकांत पूर्वी परिचारिका आणि निवासी डॉक्टर राहत असत.

सरकारला या व्यवहारांची माहिती नाही असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे नाही. मंचावरून होणाऱ्या विक्रीवर २०२० च्या ऑक्टोबरपासून मंचानेच उगमस्थानी आयकर कापायचा आहे. तो आधी एक टक्का होता, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. छोट्या सभासदाला जीएसटीची नोंदणी लागत नसली तरी त्याच्या खोलीवरचा जीएसटी कायद्याने मंचाकडूनच वसूल होतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचा दर पाच टक्के झाला आहे. सांगायचे तात्पर्य एवढेच की कोणत्या सदनिकेने किती कमावले हे करखात्याला बसल्या जागी कळू शकते, आणि त्याच सदनिकेत आज रात्री कोण आहे हे तिच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्याला कळत नाही. महसुलापुरती जी तत्परता दाखवली गेली, तिचा काही अंश नोंदणीसाठीही दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

ही नोंदणी कशी असावी यासाठी आपल्याला फार लांब जाण्याची गरज नाही. शेजारच्या गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ चा आहे आणि पर्यटकाला एक खोली द्यायची असली तरी पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. तेथे सगळेच नोंदणी करतात असा माझा भाबडा समज नाही. नियम मोडणाऱ्या घरापर्यंत निरीक्षक पोहोचेल या भरवशावर कायदा ठेवला की तो कागदावर राहतो, कारण निरीक्षक मोजके असतात आणि घरे हजारोंनी. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून याच्या उलट मार्ग धरला. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीचा पाहुणा ठेवायचा तर शहराकडे नोंदणी हवी, यजमान त्याच घरात हजर हवा, पाहुणे दोनच हवेत. आणि नोंदणी नसलेल्या घराचे पैसे मंचाने स्वीकारायचेच नाहीत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. व्यवहाराची नाडी मंचाच्या हाती आहे. तिथे बोट ठेवले तर निरीक्षकाला जिने चढावे लागत नाहीत. पर्यटन संचालनालयाने प्रत्येक सदनिकेला नोंदणी क्रमांक द्यावा, तो जाहिरातीत दिसावा, तो नसेल तर मंचाने जाहिरात घेऊ नये, आणि क्रमांक देताना त्याची प्रत संबंधित संस्थेला जावी. यजमान घरात राहतो की नाही याचे दोन स्वतंत्र वर्ग असावेत आणि पाचव्या मजल्यावरच्या त्या बाईंना एका पानाच्या अर्जावर, नाममात्र शुल्कात, क्रमांक मिळावा. त्यांना जर अग्निशमन दलाच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागणार असेल, तर हे पत्र मी लिहिलेच नाही असे समजावे.

यजमान नसलेल्या सदनिकांसाठी मात्र संस्थेचे मत घेतले जावे. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून इमारतीतील सदनिका नव्याने पर्यटकांना द्यायची असेल तर तेथील मालकांच्या तीन-पंचमांश बहुमताची आवश्यकता आहे. आपल्याकडे २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलेले आहे, आणि पुनर्विकासासारख्या गुंतागुंतीच्या विषयावर कलम ७९-अ खाली कार्यपद्धतीही ठरवून दिलेली आहे. त्याच कलमाखाली या विषयाचे निर्देश निघू शकतात. त्यांत सर्वसाधारण सभेचे बहुमत किती असावे, दहा टक्क्यांची मर्यादा अशा सदनिकांना लागू राहणार की वाढीव वापराच्या प्रमाणात वेगळा दर ठरणार, रात्री उपलब्ध असणारा आणि याच शहरात राहणारा जबाबदार माणूस मालकाने नेमायचा की नाही, आणि पाहुण्याची नोंद संस्थेच्या वहीत कोणी करायची, एवढे चार प्रश्न सुटले तरी माझ्यासारख्या शेकडो सचिवांचा जीव भांड्यात पडेल.

येथे एक कबुली देणे भाग आहे, कारण ती दिली नाही तर माझी मागणी अप्रामाणिक ठरेल. संस्थांच्या हाती अधिकार दिला की त्याचे काय होते हे मुंबईला चांगले माहीत आहे. अविवाहितांना घर नाही, मांसाहार करणाऱ्यांना नाही, अमुक धर्माच्या माणसाला नाही, एकट्या राहणाऱ्या मुलीला नाही, हे फतवे काढणाऱ्या समित्या माझ्यासारख्याच माणसांच्या असतात. मी समितीवर येण्यापूर्वी आमच्याच संस्थेने एका तरुणाला केवळ तो चित्रपटक्षेत्रात काम करतो म्हणून सदनिका मिळू दिली नव्हती, आणि त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. त्यामुळे संस्थेला अधिकार असावा तो सदनिकेच्या वापराविषयी. पाहुणा कोण असावा याविषयी नसावा. सभेने एकदा परवानगी दिली की कोणाला ठेवायचे हे यजमानाने ठरवावे, आणि नाव, धर्म, आहार किंवा वैवाहिक स्थिती पाहून समितीने दारात अडवले तर ती समितीची कसूर मानली जावी, असे निर्देशांत स्पष्ट लिहिलेले असावे. संदिग्ध ठेवल्यास काय होईल ते मी अनुभवाने सांगू शकतो.

तिन्ही मालकांची बाजूही आपल्यासमोर मांडणे माझे कर्तव्य आहे. ठाण्याचे गृहस्थ म्हणतात की अकरा महिन्यांच्या भाड्यात कर्जाचा हप्ता निघत नाही, आणि भाडेकरूने जागा सोडलीच नाही तर न्यायालयात वर्षे जातात. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा ताब्यात मिळवण्याची प्रक्रिया कायद्यात जेवढी झटपट दिसते तेवढी ती प्रत्यक्षात नसते, आणि या भीतीमुळेच अनेक मालकांना रोज बदलणारा पाहुणा अधिक सुरक्षित वाटतो. भाड्याच्या घरांचा प्रश्न नीट सुटला असता तर या तीनपैकी निदान एक पेटी जाळीवरून उतरली असती, असे माझे मत आहे. परंतु तो विषय गृहनिर्माण विभागाचा आहे आणि या पत्रात मी त्यात शिरत नाही.

आणखी एक गोष्ट पर्यटन संचालकांसाठी. नियम करताना मुंबई, पुणे आणि लोणावळा डोळ्यांसमोर ठेवून तोच साचा तारकर्ली, गुहागर, दापोलीला लावू नये. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत दोन खोल्या वाढवून पाहुण्यांना सोलकढी-भात वाढणारी कुटुंबे जगली ती यजमान घरात असल्यामुळेच. तेथे मंचाने गावच्या बाईला थेट गिऱ्हाईक मिळवून दिले आहे. तिच्या अंगणात सभेचे बहुमत शोधण्याची गरज नाही. तिला पाण्याची, सांडपाण्याची आणि वेळेवर मिळणाऱ्या क्रमांकाची गरज आहे.

आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची आहे. ‘आकडी कुलपाच्या पेट्या व दिवसभाड्याच्या सदनिका’ हा विषय अकरा सभासदांच्या सहीने कार्यक्रमपत्रिकेवर आलेला आहे. दुबईच्या मालकांनी वकिलामार्फत कळवले आहे की संस्थेला असा ठराव करण्याचा अधिकार नाही; पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात थांबवून विचारले की ठराव झाला तर नांदेडहून येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला ऑक्टोबरमध्ये खोली द्यायची की नाही. दोघांनाही देता येईल असे उत्तर माझ्याकडे आज नाही, कारण आम्ही स्वीकारलेल्या उपविधींत या प्रकाराचा उल्लेखच नाही. ठरावाचा मसुदा कोणत्या तरतुदीखाली मांडावा आणि यजमान घरात असलेल्या सदनिकेला त्यातून वगळता येईल का, एवढे तरी सभेची नोटीस निघण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, आपल्या कार्यालयाकडून लेखी कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
मानद सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, परळ, मुंबई